कोनशिलेवरची रिकामी ओळ

एकदा एका राज्यात एक पूल पडला. आता पूल पडतात. दगडचुन्याला कोणी अमरपट्टा लिहून दिलेला नसतो. परंतु हा पूल उद्घाटनाचे तोरण सुकायच्या आत पडला, आणि तोही भर बाजाराच्या दिवशी, गाड्यांसकट आणि माणसांसकट. कित्येकांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही. नदीकाठी जो आक्रोश उठला, तो राजवाड्याच्या गच्चीपर्यंत ऐकू गेला म्हणतात. ऐकू गेला की नाही, ते वाड्यातल्यांनाच ठाऊक.

या पुलाची जन्मकथा आधी सांगायला हवी. महाराजांचा वाढदिवस तोंडावर आला होता आणि बांधकाम खात्याच्या अमात्यांना त्या मुहूर्तावर पूल खुला करायचा होता. कमानीचा चुना अजून ओला होता. चुना मुरेपर्यंत कमानीखालचे लाकडी टेकू काढायचे नसतात, हे गवंड्याच्या घरात जन्मलेल्या पोरालाही कळते. अमात्यांनी पाहणी केली, नाक मुरडले आणि म्हणाले, "ही लाकडं कसली? महाराज येणार, पाहुणे येणार, आणि पूल कुबड्यांवर उभा? शोभेचा पार विचका होईल. काढा ती." हे ते तोंडाने बोलले. असल्या गोष्टी शहाणी माणसे लिहून देत नसतात. गवंडी कुरकुरले, पण लाकडे निघाली, माळा चढल्या, सनई वाजली.

पुलाच्या तोंडाशी काळ्या पाषाणाची एक घडीव कोनशिला बसवली होती. तीवर ठसठशीत अक्षरांत कोरले होते की, हा पूल अमात्यांच्या दूरदृष्टीने आणि अथक परिश्रमाने उभा राहिला. खाली अमात्यांचे नाव, पदव्यांसह. परिश्रम नेमके कोणाचे, हे बिचाऱ्या दगडाला काय माहीत! छिन्नी कोरेल ते अक्षर तो अंगावर घेतो.

पुलावर पहाऱ्याला सटवाजी नावाचा माणूस होता. त्या दिवशी गाड्यांची रांग पुलावर चढत असताना त्याला कमानीत तडा दिसला. तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "मागं फिरा रं, मागं फिरा!" आणि हात पसरून येणाऱ्या बैलांच्या पुढ्यात उभा राहिला. एक बैल त्याच्या छातीवरून गेला. तरीही अर्धा बाजार अलीकडे थांबला आणि वाचला. पुढे गेलेले मात्र कमानीबरोबर गेले. त्याच संध्याकाळी सटवाजीला बेड्या पडल्या.

आरोप ऐका. तडा त्याला इतरांच्या आधी दिसला, म्हणजे पूल कच्चा आहे हे त्याला ठाऊक होते. आणि ठाऊक असूनही त्याने गाड्या सोडल्या! आहे की नाही न्याय? तोंड मिटून उभा राहिला असता तर घरी जेवायला गेला असता. ओरडला, म्हणून गुन्हेगार ठरला. शिक्षाही ठरल्यासारखीच होती: डोंगरी किल्ल्यावर जन्मभर अंधारकोठडी, आणि घरदार जप्त.

अमात्यांनीच चौकशी नेमली. ती एका तरुण न्यायाधीशाकडे आली. हा तरुण राजधानीबाहेर राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांचा शिष्य. आचार्यांनी हयातभर न्यायशास्त्र शिकवले, पण दरबारात कधी पाऊल टाकले नाही. "तिथं बसायला गाद्या फार मऊ असतात, झोप लागते," असे ते म्हणत. शिष्याला पहिल्या दिवशी त्यांनी त्या राज्यातली एक जुनी चाल सांगितली होती. पूर्वी न्यायाधीश गावोगाव पायी फिरत. ते आपले उपरणे जमिनीवर पसरून जिथे बसत, ती जागा न्यायसभा होई, आणि तिथे बोलावलेल्याला, मग तो कोणीही असो, उभे राहून उत्तर द्यावे लागे. पुढे न्यायसभेला मोठी इमारत झाली, उंबरठ्यावर शिपाई आले, आणि ती चाल कोणी मोडली नाही, नुसती विसरून गेले. उपरणे मात्र न्यायाधीशांच्या खांद्यावर शोभेला राहिले.

अमात्यांनी शिष्याला घरी फराळाला बोलावले. "शास्त्रीबुवा," ते म्हणाले, "सखोल चौकशी करा. कोणाचीही गय करू नका. दोषी कितीही मोठा असो, त्याला पाठीशी घालणार नाही, हे मी चारचौघांत सांगितलंय."

"मग सुरुवात कुठून करू?" शिष्याने विचारले.

"खालून करावी. पायरी पायरीनं."

"आणि वर?"

अमात्य हसले, चिरोट्यांचे ताट पुढे सरकवले. "वर पोचेपर्यंत लोक दुसऱ्या विषयाला लागतात, शास्त्रीबुवा. तुम्ही तरुण आहात. पुढं मुख्य न्यायाधीशाची जागा रिकामी होतेय. आम्हांला विवेकी माणसं हवी असतात." शिष्याने चिरोटा घेतला नाही, पण ताट परतही लोटले नाही. मनुष्य असाच अडकतो; कोणी पैसा चारला तर निदान संताप तरी येतो, हे लोक गोड बोलतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सटवाजीची बायको गोजरा शिष्याच्या दारात येऊन उभी राहिली. ती रडली नाही. "सायेब," ती म्हणाली, "माज्या धन्याच्या बरगड्या मोडल्यात, श्वास घ्यायला लागला तर कळवळतो. त्याला कोठडीत टाकाल तर तो दिवाळी बघायचा न्हाई. येवढं एकच सांगा. त्यानं आरोळी न्हाई मारायची व्हती का? तसं असंल तर मी पोरांस्नी तसं शिकवते. काय बी दिसलं तरी गप ऱ्हावा म्हणते."

"निकाल उद्या आहे," एवढेच शिष्य कसाबसा बोलला. गोजराने त्याच्याकडे एकदा नीट पाहिले आणि ती निघून गेली. त्या पाहण्याने त्याचा जीव अर्धा झाला. तो तसाच उठला आणि आचार्यांकडे गेला.

आचार्य अंगणात तुळशीला पाणी घालत होते. शिष्याने सगळे सांगितले: टेकूंचे, तोंडी हुकुमाचे, चिरोट्यांचेसुद्धा. "गुरुजी, राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की दोष कोणाचा. पण अमात्य म्हणतात, पूल ही पहारेकऱ्याची जबाबदारी होती, आणि गवंडी तोंड उघडत नाहीत. साक्ष नाही, पुरावा नाही. अमात्यांचं नाव घेतलं तर मी जातो, आणि सटवाजीही सुटत नाही. त्याला दोषी धरलं तर मी जगतो. पण कसा जगतो, ते आपण मला विचारू नका."

"विचारत नाही," आचार्य म्हणाले. "त्या पुलाची कोनशिला शाबूत आहे का?"

"आहे. पूल गेला, ती तेवढी राहिलीय. पण तिचं काय?"

"उद्या बाजार भरेल तेव्हा तिथं ये. आणि जाताजाता कोपऱ्यावरच्या पाथरवटाला सांग, म्हाताऱ्याला एक छिन्नी आणि हातोडी हवी आहे. उसनी."

शिष्य चक्रावला. ज्या हातांनी आयुष्यभर पोथीपलीकडे काही उचलले नाही, त्यांना हातोडी कशाला? पण गुरूला उलट विचारायची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. पूल नव्हता, म्हणून तो अलीकडच्या तीरावरच भरला होता, जड मनाने. लोक पाहतात तो काय, पांढऱ्या दाढीचे आचार्य कोनशिलेपुढे मांडी घालून बसले आहेत आणि अमात्यांच्या नावाखालच्या मोकळ्या जागेत छिन्नी ठोकत आहेत! घाव वाकडे पडत होते. एकदा हातोडी अंगठ्यावर बसली, तेव्हा ते "आई गं!" म्हणाले, अंगठा झटकला आणि पुन्हा ठोकू लागले. गर्दी जमली. गर्दीत मागे, डोक्यावरून उपरणे ओढून, शिष्य उभा होता. गोजराही आली होती.

"आजोबा, काय चाललंय?" एकाने विचारले.

"नाव कोरतोय. सटवाजी पहारेकरी."

शिपाई धावत आले. त्यांनी छिन्नी हिसकावायला हात घातला, पण आचार्यांच्या वयाकडे पाहून घुटमळले, आणि एकाने अमात्यांकडे धाव घेतली. अमात्य पालखीतून आले. ते मुळीच चिडलेले दिसत नव्हते. मुरलेला गडी होता तो. "आचार्य," ते हसत म्हणाले, "या वयात हे काय आरंभलंत? राज्याच्या वस्तूची नासधूस हा गुन्हा आहे, हे तुम्हीच शिकवता ना?"

"नासधूस कसली? दुरुस्ती करतोय," आचार्य म्हणाले. "आपणच म्हणता, हा पूल पहारेकऱ्याची जबाबदारी होती. मग नाव त्याचं हवं. पाथरवटाच्या हातून चूक राहिली असेल, तर ती सुधारायला नको?"

लोकांत खसखस पिकली. अमात्यही हसले. "बरं, कोरा. पडलेल्या पुलाच्या दगडावर कोणाचंही नाव कोरा. आम्हांला काय त्याचं?"

"आभारी आहे. महादू, पाणी दे रे जरा," आचार्य शेजारी उभ्या पाथरवटाला म्हणाले, आणि घोटभर पाणी पिऊन पुढे बोलले, "हे झालं की मी धर्मशाळेकडे जाणार. तिथंही आपलं नाव आहे, पण उद्या भिंत कलली तर जबाबदार तिथला झाडूवाला ठरेल. तेव्हा आधीच त्याचं नाव घालून ठेवतो. मग पाठशाळा, मग धान्याचं कोठार, मग राजवाड्यासमोरचं कारंजं. जिथं जिथं पडझडीला दुसरा माणूस नेमलाय, तिथं तिथं मानालाही तोच माणूस बसवतो. म्हातारा आहे, पण तेवढं जमेल मला."

अमात्यांचे हसू मावळले. त्या कारंज्याच्या शिळेवर त्यांनी वडिलांचेही नाव घातले होते. कारंज्याच्या कठड्यावर बसून ती शिळा वाचणारे प्रवासी त्यांनी गच्चीतून कितीदा तरी डोळे भरून पाहिले होते. माणसाला सगळे सोसते, पण आपल्या नावाशेजारी झाडूवाल्याचे नाव? तोल गेला. "खबरदार!" ते गरजले. "एका शिळेला हात लावलात तर! प्रत्येक काम मी उभं केलंय. हा पूलसुद्धा माझ्या शब्दावर उभा राहिला. वीट वीट माझ्या हुकुमानं—"

आणि ते थांबले. मुरलेला माणूस, म्हणून थांबले. पण सुटलेला शब्द कोणाच्या बापालाही परत आणता येत नाही. तो शब्द अख्ख्या बाजाराने ऐकला होता. खालून नदी वाहत होती.

"वीट वीट तुमच्या हुकुमानं," गोजरा गर्दीतून पुढे येत म्हणाली. "मग टेकू कुणाच्या हुकुमानं गेलं, सायेब? माज्या नवऱ्याच्या?"

"हिला बाजूला करा," अमात्य शिपायांना म्हणाले. "आणि या म्हाताऱ्याला उचला."

शिपाई पुढे सरकले, तेवढ्यात गर्दीतून एक आवाज आला, "थांबा." शिष्याने डोक्यावरचे उपरणे काढले. तो वाट काढत पुढे आला. त्याने ते उपरणे कोनशिलेपुढच्या धुळीत पसरले आणि तो त्यावर बसला.

"न्यायसभा सुरू झाली आहे," तो म्हणाला. "या राज्यात न्यायाधीश उपरणं पसरून बसेल तिथं ती भरते. ही चाल कोणी मोडलेली नाही. अमात्य, पुढं या आणि उभे राहा."

"मला विचारणारा तू कोण?" अमात्य ओरडले.

"चौकशी अधिकारी. आपणच नेमलात. सखोल करायला सांगितलंत, कोणाची गय करू नका म्हणालात. मी आज्ञा पाळतोय."

आता लोक हसले नाहीत. एक म्हातारी खाली बसली, मग तिच्याशेजारचा भाजीवाला बसला, मग पाहता पाहता सगळा बाजार जमिनीवर बसला. न्यायसभेत न्यायाधीश बसला की रयत बसते आणि ज्याला विचारायचे तो उभा राहतो, हे त्यांना आजोबा-पणजोबांकडून ठाऊक होते. शिपाईसुद्धा बसले. आणि अमात्य, कोणी बळजबरी न करता, त्या सगळ्यांमध्ये एकटेच उभे राहिले.

"कमानीखालचे टेकू कोणी काढायला लावले?" शिष्याने विचारले.

"हा तांत्रिक प्रश्न आहे. खात्याकडून अहवाल मागवावा लागेल."

"मी लाकडाचं विचारत नाही. हुकुमाचं विचारतोय. वीट वीट आपल्या हुकुमानं लागली, असं आपण आत्ता सांगितलंत. मग टेकू आपल्याला न विचारता निघाले का?"

अमात्यांनी पालखीकडे पाहिले. तेव्हा मागून गवंड्यांचा मुकादम उठला. इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला तो माणूस म्हणाला, "त्यांनी काढायला लावले, साहेब. मी म्हटलं, चुना ओला आहे. ते म्हणाले, शोभा जाते. भ्यालो मी. काढले." एवढे बोलून तो धुळीत डोके टेकवून ढसाढसा रडू लागला.

शिष्याने तिथेच निकाल दिला. सटवाजी निर्दोष, त्याने केले ते कर्तव्य, आणि ते बरगड्या मोडून केले. पूल ज्याच्या नावावर आहे, त्याच्याच माथी त्याचे पडणे आहे. ते नाव याच शिळेवर वाचावे. अमात्यांनी पदावरून दूर व्हावे आणि राजसभेपुढे उभे राहावे. हा निकाल त्याने भर बाजारात मोठ्याने सांगितला आणि दुसऱ्यांदाही सांगितला, कारण मागे बसलेल्या बहिऱ्या म्हातारीने "काय म्हणाला?" असे विचारले होते.

पुढचेही सांगतो, म्हणजे मी गोड गोष्ट सांगून पळालो असे व्हायला नको. अमात्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडले. प्रकृती ठणठणीत होती. राजसभेपुढचे प्रकरण तारखांवर तारखा खात राहिले. आमच्या या शिष्याला मुख्य न्यायाधीशाची जागा तर सोडाच, राज्याच्या टोकाला, जिथे खटल्यांपेक्षा तरस जास्त, अशा ठाण्यावर पाठवण्यात आले. पण सटवाजी घरी गेला. गोजराने त्याला अंगणात झोपाळ्यावर बसवले, आणि त्याने दिवाळी पाहिली.

जाण्याआधी शिष्य आचार्यांना नमस्कार करायला आला. त्यांच्या अंगठ्याला अजून चिंधी बांधलेली होती. "गुरुजी, एक विचारू? अमात्यांचा तोल गेला नसता तर? ते हसत हसत 'कोरा' म्हणून निघून गेले असते तर आपण काय केलं असतं?"

"कोरलं असतं," आचार्य म्हणाले. "एक एक अक्षर, सगळ्या शिळांवर. अरे, मी त्यांना पकडायला गेलो नव्हतो. खरं तेच दगडावर आणायला गेलो होतो. सनई वाजते तेव्हा जो पुढं येतो, त्यानं आक्रोश उठतो तेव्हाही पुढंच उभं राहायला हवं. मान एकाचा आणि माती दुसऱ्याची, अशी वाटणी ज्या राज्यात चालते तिथं पूल पडतातच; चुना मुरलेला असो वा नसो. आणि उपरणं तुझ्याच खांद्यावर होतं रे. मी फक्त बसायला जागा दाखवली."

शिष्याने उपरणे खांद्यावर नीट घेतले. आता ते शोभेचे वाटत नव्हते.

त्या शिळेवर आचार्यांच्या हातचे वाकडे "स" एवढे एकच अक्षर राहिले. नवा पूल झाला तेव्हा नव्या अमात्यांनी ते घासून टाकायला सांगितले. पाथरवट महादू म्हणाला, "हुकूम लेखी द्या." लेखी कोणी दिला नाही, आणि अक्षर राहिले. तेव्हापासून त्या राज्यात एक रीत पडली. कोणत्याही कोनशिलेवर मोठ्या माणसाचे नाव कोरले की पाथरवट त्याखाली एक ओळ मुद्दाम रिकामी सोडतात. विचारले तर सांगतात, "ती पडझडीची. तिथंही याच नावानं बसायचं." उद्घाटनाला येणारे हार घालतात, भाषण करतात, आणि त्यांची नजर आपसूक त्या रिकाम्या ओळीवर जाते. मग, मंडळी, ते खाली वाकतात आणि कमानीखालचे टेकू अजून जागेवर आहेत ना, एवढे आधी विचारतात.

आपल्या गावच्या कोनशिलेखाली अशी ओळ नसेल, तर छिन्नी उसनी मिळते.